‘त्या’ देशांचं गाणं ऐकायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या खडेबाजारात माझं कॅसेटचं दुकान होतं. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. कारगिलच्या उन्हाळ्यात, १९९९ साली, पाकिस्तानी गझलगायक मेहदी हसनच्या कॅसेट मी काउंटरखाली ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मलाच भीती. गिऱ्हाईक यायचं, इकडं तिकडं बघायचं आणि औषधाच्या दुकानात नको ते मागावं तशा आवाजात म्हणायचं, “ती आहे काय ओ?” त्या उन्हाळ्यात त्या कॅसेट एरवीपेक्षा जास्तच खपल्या.

दुकान गेलं, ऐकण्याची खोड राहिली. शहापुरातल्या एका माडीवर महिन्यातून एकदा आम्ही दहा-पंधरा जण जमतो. वडगावात माग चालवणारे दोघं, निपाणीहून बसनं येणाऱ्या एक मावशी, खानापूरचे निवृत्त मास्तर, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकणारी एक कॉलेजची पोरगी. बातम्यांत ज्या देशांचं नाव बॉम्ब, बंदी नाहीतर घुसखोरी यांच्याबरोबरच येतं, तिथलं परंपरेचं गाणं-बजावणं आम्ही ऐकतो. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. नव्या माणसाचे प्रश्न मात्र दर खेपेला तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

‘त्या’ देशांचं म्हणजे नेमकं कुठल्या?

ते कोण बघतंय त्यावर आहे. क्यूबा अमेरिकेच्या डोळ्यांत खुपतो, आपल्याला त्याचं काही नाही. रशियाचं नाव काढलं की युरोपात आज माणसं तोंड फिरवतात, आणि आमची पिढी रशियन गोष्टींची स्वस्त, गुळगुळीत पानांची मराठी पुस्तकं वाचून मोठी झाली. आपल्या यादीत पाकिस्तान पहिला, मग चीन. इराण, अफगाणिस्तान, उत्तर कोरिया हे जगाच्या यादीतले. बांगलादेश परवापरवापर्यंत यादीत नव्हता, आता लोक त्याचंही नाव दबक्या आवाजात घेतात.

बेळगावकराला हे समजावून सांगायला लागू नये. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, या गावात एका गल्लीत लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसऱ्या गल्लीत काळ्या फिती. कुठली पाटी कुठल्या लिपीत यावरून दगड पडलेले आपण पाहिलेत. आणि त्याच गावात मंगळवारच्या भजनात एक पद कानडी, एक मराठी, हे कुणाला खटकत नाही.

मला शास्त्रीय वगैरे कळत नाही. सुरुवात कुठून करू?

जो आवाज कानाला आधीच माहीत आहे, तिथून. नकाशा घेऊन बसू नका.

सनई घ्या. लग्नाच्या मांडवात ती ऐकत आपण वाढलो. तिचं नावच फारसीतल्या ‘नय’ म्हणजे बांबूच्या नळीवरून आलंय. इराणात तिची बहीण आहे सोरना, डोंगरी लोकांच्या लग्नात मोठ्या ढोलाबरोबर वाजते. तुर्कांकडं ती झुर्ना. मध्य आशिया ओलांडून ती चीनला पोचली आणि तिथं सुओना झाली. सुओनाला तोंडाशी पितळेचा मोठा कर्णा असतो, आवाज इतका चढा की बंद खोलीत सोसत नाही. उत्तर चीनच्या खेड्यांत ती लग्नातही वाजते आणि मयतीलाही. चार वाद्यं एकापाठोपाठ लावली तर पहिल्या दहा मिनिटांत नवख्याचं बावरलेपण जातं. आमच्या मावशी पहिल्यांदा सुओना ऐकून म्हणाल्या, “हे आपल्या वाजंत्र्यानं जरा घेऊन वाजवल्यागत आहे.” बरोबर आहे ते.

दुसरा रस्ता बेंजोचा. गणपतीच्या मिरवणुकीत डीजे येण्याआधी बेंजो पार्टी असायची, आठवतंय? टंकलेखनाच्या यंत्रासारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. ते मूळचं जपानी आहे. १९१२ च्या सुमारास नागोयात ते तयार झालं, नाव ताइशोगोतो. व्यापाराबरोबर आपल्याकडं आलं, बुलबुलतरंग झालं, बेंजो झालं. तेच पेटाऱ्यात बसून बलुचिस्तानलाही गेलं आणि तिथं त्याचं बेंजू झालं. तिथल्या लोकांनी ते मोठं केलं आणि आपल्या जुन्या धुना त्यावर बसवल्या. आज नूर बख्श नावाचे म्हातारे बलुच वादक ते विजेवर, छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून वाजवतात. आमच्याकडं मिरवणुकीत बेंजो वाजवलेला एक गडी आहे. त्याला मी देशाचं नाव न सांगता नूर बख्श ऐकवले. अर्धा तास तो हलला नाही. मग म्हणाला, “ह्यो कुठला, कोकणातला काय?”

तिसरा रस्ता एकतारीचा. सिंधमध्ये फकीर लोक एका हातात यकतारो आणि दुसऱ्या हातात चपरी घेऊन गातात. यकतारो म्हणजे आपली एकतारी, आणि चपरी म्हणजे चिपळ्याच. बंगालचे बाऊलही एकतारा घेऊनच उभे राहतात, आणि त्यांचा थोर लालन फकीर आजच्या बांगलादेशातल्या कुष्टियाचा. वारीला गेलेल्या माणसाला यात ओळख करून द्यायला काय लागतं?

शास्त्रीय ऐकणाऱ्यानं मग कुठून सुरू करावं?

इराण. यात माझा पक्षपात आहे, मान्य.

आधी गावातली गोष्ट सांगतो. कॅम्पातल्या असदखानाच्या दर्ग्याला आपण सगळे कधी ना कधी गेलोय. किल्ल्यातली साफा मशीदही त्याच्याच नावावर सांगतात. आदिलशाहीतला हा बेळगावचा सुभेदार. त्याचं पूर्ण नाव असदखान लारी, आणि लार हे दक्षिण इराणातलं गाव. तेव्हा इराण आपल्याला अगदीच परका आहे असं नाही. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातला दुसरा इब्राहिम आदिलशहा इतका गाणवेडा होता की त्यानं दखनी भाषेत पदं रचली आणि आपल्या तंबोऱ्याला ‘मोतीखान’ असं माणसाचं नाव दिलं.

आता गाण्याकडं. आपल्याकडं राग, त्यांच्याकडं दस्तगाह. मुख्य दस्तगाह सात: शूर, माहूर, होमायून, सेगाह, चहारगाह, नवा आणि रास्त-पंजगाह. शिवाय पाच उपशाखा. प्रत्येक दस्तगाहात ‘गूशे’ नावाच्या छोट्या छोट्या चिजा असतात. गूशे म्हणजे कोपरा. गवई दरामद नावाच्या सुरुवातीपासून एकेक कोपरा फिरत वर चढतो आणि शेवटी उतरून मूळ जागी येतो. हे सगळे कोपरे ज्या क्रमानं गुरू शिष्याला तोंडपाठ करून देतो, त्या साठ्याला रदीफ म्हणतात. २००९ साली युनेस्कोनं तो मानवी वारशाच्या यादीत घेतला. आपल्या रागात एकच घर असतं आणि आपण त्यात रमतो. दस्तगाह म्हणजे वाडा आहे. मधल्या चौकात आलात की हवाच बदलते, आणि नवखा म्हणतो, “राग बदलला की काय?” थोडा बदललेलाच असतो.

कान लावायचा तो सुरांच्या जागेवर. चहारगाह ऐकलंत तर भैरवचा भास होईल, पण रे आणि ध आपल्या कोमलपेक्षा चढे लागतील. हा सूर कोमल आणि शुद्धाच्या मधोमध कुठंतरी बसतो, त्याला ते ‘कोरोन’ म्हणतात. पहिल्या बैठकीत तो बेसूर वाटतो, तिसऱ्या बैठकीत त्याच्याशिवाय करमत नाही. माहूर त्या मानानं सोपा, बिलावलच्या जवळचा. इस्फहान ऐकलं की किरवाणी आठवते. गळ्यातून आवाज फुटून दोन सुरांवर झुलतो त्याला तहरीर म्हणतात. बुलबुलाची नक्कल आहे असं ते सांगतात. मला मात्र ती ऐकताना जुन्या संगीत नाटकातल्या फिरकीच्या ताना आठवतात. वाद्यांत तार, सेतार, कमानचे, संतूर, नय आणि तोंबक. सेतार म्हणजे तीन तारा, पण वाद्याला तारा चार आहेत. आपल्या सतारीचं नावही तिथूनच आलेलं.

गवयांत मोहम्मद रेझा शजरियान (१९४०–२०२०) यांच्यापासून सुरू करा. त्यांनी गायलेली ‘रब्बना’ ही प्रार्थना कित्येक वर्षं रमजानात रोजा सोडण्याच्या वेळी इराणच्या रेडिओ-टीव्हीवर लागायची. २००९ च्या निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर आले तेव्हा ते लोकांच्या बाजूनं बोलले, आणि ती प्रार्थना सरकारी प्रसारणातून गेली. लोकांनी ती घरात लावली.

आणि बायकांचं गाणं शोधून ऐका. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथं बाईला पुरुषांसमोर एकटीनं गायला मनाई आहे. त्याआधीची एक बाई होती, कमर-उल-मुलूक वझीरी. १९२४ मध्ये तेहरानच्या ग्रँड हॉटेलात ती बुरख्याशिवाय गायली. त्या काळी केवढं धाडस! मला हे साल वाचल्याबरोबर चमकायला झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथून जवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, आणि डिसेंबरमध्ये टिळकवाडीच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर अकरा वर्षांची गंगूबाई हनगल गायली. एका सालात केवढं गाणं मावलंय.

पाकिस्तानी गाणं ऐकणं गुन्हा आहे का हो?

हा प्रश्न विचारताना माणूस आवाज उतरवतो, १९९९ सारखाच.

झालंय ते सरळ सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला. त्यानंतर पाकिस्तानातली काही यूट्यूब चॅनेलं भारतात बंद केली गेली. २ मे रोजी तिथून येणाऱ्या मालावर पूर्ण बंदी आली, म्हणजे तिकडून सीडी मागवणं मिटलं. ८ मे रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयानं ऑनलाइन मंचांना पाकिस्तानी मालिका, चित्रपट, गाणी, पॉडकास्ट दाखवणं-ऐकवणं थांबवायला सांगितलं. ती सूचना कंपन्यांना होती. तुमच्या माळ्यावर १९८५ ची कॅसेट आहे, तिच्याबद्दल त्यात शब्द नाही. नियम बदलत राहतात, त्यामुळं त्या-त्या वेळी बघून घ्यावं.

आमची शिस्त अशी की बंद केलेली गोष्ट चोरवाटेनं उघडून बैठकीत लावायची नाही. त्याची गरजही पडत नाही. फाळणीच्या आधीच्या तबकड्या आहेत, युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांनी काढलेली ध्वनिमुद्रणं आहेत आणि लोकांच्या घरातला साठा आहे.

पण तिकडच्या आणि इकडच्या शास्त्रीय गाण्यात फरक काय?

मिरजेला जाऊन विचारा. बेळगावहून रेल्वेनं जेमतेम तीन तास.

गवई अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या किराणा गावाहून आले आणि मिरजेत राहिले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. सवाईंकडं गंगूबाई आणि भीमसेन शिकले. हे आपल्याला पाठ आहे, आणि आपण ते ‘आपलं’ किराणा घराणं म्हणून छाती फुगवून सांगतो. याच करीम खाँसाहेबांची आणखी एक शिष्या होती, रोशन आरा बेगम. १९४८ साली ती नवऱ्याबरोबर पाकिस्तानात गेली आणि पंजाबातल्या लालामूसा या छोट्या गावात राहिली. १९८२ ला ती वारली. नात्यानं धरलं तर ती गंगूबाईंची गुरुआत्या. तिचा शंकरा राग ऐका आणि मग आपल्याकडच्या कुठल्याही किराणा गवयाचा ऐका. सरहद्द कुठल्या सुरावर आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तिथं मात्र ऐकणारे कमी झाले. रियाज आहे, गळा आहे, आणि समोर दाद देणारं कुणी नाही, हे गवयाला फार लागतं.

उलट्या बाजूनंही बघा. कसूरचे बडे गुलाम अली खाँ फाळणीनंतर तिकडं राहिले आणि काही वर्षांत परत येऊन भारताचे नागरिक झाले.

लोकपरंपरेत मात्र फरक भरपूर आहे आणि तोच ऐकण्यासारखा आहे. सिंधमध्ये भिट शाह इथं शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांच्या दर्ग्यात फकीर रोज रात्री गातात. हातात दंबूरो, आणि आवाज मुद्दाम चढवून, जवळजवळ बायकांच्या पट्टीत. लतीफांची पदं ‘सूर’ नावाच्या अध्यायांत लावलेली आहेत. एक सूर दर्यावर गेलेल्या खलाशांच्या बायकांचा, एक पावसाचा, एक पळवून नेलेल्या मारुईचा, जिला राजवाडा नको आणि वाळवंटातलं आपलं गाव हवंय. पहिल्यांदा ऐकताना तो आवाज किंचाळल्यासारखा वाटतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मध्यरात्री जोगत्यांच्या चौंडक्याबरोबर लागलेला आवाज तुम्ही ऐकला असेल तर घाबरणार नाही.

माझा मुलगा फौजेत आहे. हे सगळं मला नको वाटतं.

तर ऐकू नका. खरंच.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र याच गावात आहे. चंदगड, खानापूर, हुक्केरीकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो आहे आणि काही फोटोंना हार आहे. अशा घरातल्या माणसाला ‘कलेला सरहद्द नसते’ हे ऐकवणं मला उद्धटपणाचं वाटतं. ज्या आठवड्यात जिल्ह्यात तिरंग्यात गुंडाळलेला देह येतो त्या आठवड्यात आमची बैठक होत नाही.

एकदा असे एक सुभेदार काका आले होते, मुलाबरोबर, कोपऱ्यात बसले. त्या दिवशी पश्तून लोकांचा रबाब लावला होता. शेवटी बोलले ते एवढंच, “हे मी ऐकलंय. रात्री पलीकडच्या चौकीतून यायचं.” कुठल्या चौकीतून ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत, त्याच्या पुढच्या महिन्यात आले.

अफगाणिस्तानात तर गाण्यावरच बंदी आहे ना? मग ऐकायचं काय?

तिथली मागची दीडशे वर्षं. काबूलला खराबात नावाची गवयांची पेठ आहे. १८६०च्या दशकात अमीर शेर अली खाननं हिंदुस्थानातून गवई-वाजवणारे नेऊन तिथं वसवले. त्यामुळं काबूलच्या उस्तादांकडं ख्याल आहे, तबला आहे, आणि तोंडात फारसी गझल. त्यांचा सगळ्यात मोठा गवई उस्ताद सराहंग. शिकला पतियाळा घराण्याकडं. जन्म १९२४! हे साल मला सोडत नाही.

रबाब हे त्यांचं वाद्य. तुतीच्या लाकडाचा एकसंध कोरलेला सांगाडा, वर कातडं, आतड्याच्या जागी आता नायलॉनच्या तारा, आणि खाली तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा. याच घराण्यातून आपला सरोद आला. उस्ताद मोहम्मद उमर (१९०५–१९८०) यांचं जे मिळेल ते ऐका.

तालिबाननं १९९६ ते २००१ संगीत बंद केलं आणि २०२१ पासून पुन्हा. जुलै २०२३ मध्ये हेरातला वाद्यांची होळी केली, तिचे फोटो त्यांनीच प्रसिद्ध केले. २०१० साली काबूलमध्ये सुरू झालेली संगीतशाळा, मुलामुलींसकट, देश सोडून पोर्तुगालला गेली. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोनं रबाब बनवण्याची आणि वाजवण्याची कला वारसा यादीत घेतली, आणि ज्या देशांच्या नावावर ती नोंदली त्यांत अफगाणिस्तानही आहे. ज्या देशात ते वाजवलं तर मार पडेल, त्याच देशाच्या नावावर. कागद कसा असतो बघा.

हे सरकारी प्रचाराचं गाणं तर नाही ना? कसं ओळखायचं?

सगळ्यात चांगला प्रश्न, आणि आम्हीही यात फसलोय. सुरुवातीला आम्ही शिनजियांगच्या उइगुर लोकांचं नाचगाणं म्हणून एक चित्रफीत मोठ्या कौतुकानं दाखवली. रंगीत टोप्या, एकसारखं हसू, पन्नास माणसं एका तालात वळतायत. पोरगी म्हणाली, “काका, लग्नात कोण असं रांगेत नाचतं?” ती सरकारी पथकाची निघाली.

खरं उइगुर गाणं म्हणजे बारा मुकाम. सगळे गायचे तर वीस तासांच्या वर लागतात. मुकामांच्या नावांत चहारगाह, सेगाह, नवा भेटतील, म्हणजे इराणच्या वाड्यातलीच नावं, पण सूर आणि चाल निराळी. १९५० च्या दशकात तुर्दी आखून नावाच्या म्हाताऱ्या वादकाकडून ते ध्वनिमुद्रित करून घेतले, नाहीतर पुष्कळसं त्याच्याबरोबर गेलं असतं. २००५ मध्ये युनेस्कोनं मुकामांचा गौरव केला. आणि २०१७ मध्ये अब्दुरेहीम हेयित हा दुतार वाजवणारा नामांकित गवई अटकेत गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान सरकार म्हणालं तो तुरुंगात मेला, दुसऱ्या दिवशी चीननं त्याचा जिवंत असल्याचा व्हिडिओ काढला. वारसा म्हणून गाणं मखरात आणि गाणारा आत, असं एकाच वेळी होऊ शकतं.

उत्तर कोरियाचं आणखी वेगळं. तिथं परंपरा बंद केली नाही, ती ‘सुधारली’. गायागम हे बारा तारांचं आडवं तंतुवाद्य, त्याला एकवीस तारा केल्या आणि पाश्चात्य पट्टीत आणलं. पानसोरी या कथागायनाचा घोगरा, राठ आवाज नेतृत्वाला रुचला नाही, तो मागं पडला आणि गोड, गुळगुळीत गळे पुढं आले. त्यामुळं कोरियाचं जुनं ऐकायचं तर आधी दक्षिणेकडं वळा, मग उत्तरेचं ऐका. काय काय घासून काढलंय ते आपोआप कळतं. ‘आरिरांग’ हे एकच लोकगीत मात्र दोन्हीकडं जिवंत आहे. युनेस्कोत दक्षिणेनं ते २०१२ ला नोंदवलं, उत्तरेनं २०१४ ला, वेगवेगळं. भाऊबंदकीतल्या सातबाऱ्यासारखं.

ओळखायची आमची साधी खूण: गाणारा चुकतो का, खाकरतो का, मध्येच कुणी हसतं का, कोंबडं ओरडतं का. कोंबडं असेल तर बहुतेक खरं.

याचा अर्थ सरकारी साठा टाकाऊ, असा घेऊ नका. १९५६ पासून १९७९ पर्यंत तेहरान रेडिओवर ‘गुलहा’ म्हणजे फुलं या नावाचे कार्यक्रम व्हायचे. शहाचं सरकार, पण काम अस्सल: कविता, मोठमोठे गवई, नेटकं निवेदन. ते शेकडो कार्यक्रम आता गोळा करून इंटरनेटवर ठेवलेत. आपल्या आकाशवाणी धारवाडच्या जुन्या फिती आठवा, तसंच.

भाषा कळत नाही, मग काय ऐकणार?

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्यापासून मराठी संगीत नाटकात कानडी चाली आल्या, आणि मुंबई-पुण्याच्या लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. त्यांना कुठं कानडी येत होतं?

तरी अर्थ बघितला तर बिघडत नाही. आम्ही आधी नुसतं ऐकतो, मग अर्थ वाचतो, मग परत ऐकतो. दुसऱ्या खेपेला गाणं हमखास बदलतं, कधी कमीही आवडतं.

हे सगळं मिळतं कुठं? फुकट मिळतं का?

बरंचसं मिळतं. अमेरिकेतली स्मिथसोनियन फोकवेज ही संस्था जगभरचं लोकसंगीत काढते. युनेस्कोनं पूर्वी काढलेली देशोदेशीची मालिकाही आता तिच्याकडं आहे. गाणी विकत घ्यावी लागतात, पण सोबतच्या माहितीपुस्तिका फुकट उतरवून घेता येतात, आणि त्या वाचणं हे अर्धं शिक्षण आहे. फ्रान्सच्या सरकारी रेडिओचं ‘ओकोरा’ हेही तसंच भरवशाचं. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या तबकड्या आहेत, सूची मात्र रामभरोसे.

यूट्यूबवर शोधताना ‘इराणी संगीत’ असं टाकलंत तर झोप येण्यासाठीचं संगीत मिळेल. वाद्याचं नाव आणि प्रांताचं नाव टाका: दुतार, खोरासान. सोरना, लोरेस्तान. खोमेई, तुवा. (तुवा हा १९४४ मध्ये सोव्हिएत संघात गेलेला सायबेरियाकडचा मुलूख. तिथं एकच माणूस एका वेळी दोन सूर गातो. निपाणीच्या मावशींनी फोनमागं दुसरा माणूस शोधला होता.) जमलं तर गवयाचं नाव त्या त्या लिपीत चिकटवून शोधा, निकाल एकदम बदलतो.

हेडफोनवर ऐकू नका. एकत्र ऐका. एकटं ऐकलं की पाच मिनिटांत बोट पुढं सरकवतं.

शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर?

एकदा घेतली होती. एका सभागृहाचं भाडं भरलं होतं, आदल्या दिवशी निरोप आला की तुमचा विषय बरोबर नाही. पैसे परत मिळाले, माडी तेव्हापासून कायमची झाली. कार्यक्रमाला मोठं नाव देऊ नका, फलक लावू नका, खिडक्या बंद करा आणि आवाज बेताचा ठेवा. शेजारच्यांना पहिल्याच दिवशी बोलवा. आमच्या खाली राहणारे गौडर काका हरकत घ्यायला वर आले आणि आता सतरंजी तेच अंथरतात.

पहिल्यांदा येणाऱ्याला काय ऐकवता?

दोन तुकडे, एकामागून एक.

१९७७ साली अमेरिकेनं व्हॉएजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकात एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी होती, कुणी परग्रहवासी भेटलाच तर त्याला ऐकवायला. शीतयुद्ध चालू होतं. तरी तिच्यात सोव्हिएत जॉर्जियातलं समूहगान आहे, अझरबैजानचं वाद्य आहे, आणि चीनच्या गुआन पिंगहू यांनी छिन या तंतुवाद्यावर वाजवलेली ‘वाहतं पाणी’ ही प्राचीन रचना आहे. साडेसात मिनिटांची, तबकडीवरची सगळ्यात लांब. आणि आपल्या घाटाखालच्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आहेत, भैरवीत, ‘जात कहां हो’, साडेतीन मिनिटं.

आम्ही आधी गुआन पिंगहू लावतो. सात तारा, बोट तारेवर घासल्याचाही आवाज येतो. मग केसरबाई. व्हॉएजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

येताना पेटी आणू का? जमेल तशी साथ करीन म्हणतो.

आणा, पण इराणच्या दिवशी नको. पेटीत तो कोरोन सूर नाहीच, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत तो राहतो. मास्तरांनी एकदा हट्टानं प्रयत्न केला आणि नंतर महिनाभर पेटीला दोष दिला. तसा तो दोष जुनाच आहे. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं, परदेशी वाद्य आणि सुराला अडाणी म्हणून. आज तीच पेटी नसेल तर आपलं भजन सुरू होत नाही.

तंबोरा असेल तर तो आणा. तो कुठल्याच देशाच्या आड येत नाही. आमचा मिरजेचा आहे. तिथं तो धंदा शिकलगारांनी उभा केला, जे आधी तलवारींना धार लावायचे. तारांना झंकार देणारी जवारी जरा बिघडलीय. कुणाला काढता येत असेल तर साडेचारच्या आधी या, बैठक पाचला बसते.